पाहुणे आणि वाढपी
(नाताळ स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने एक अभ्यासपाठ)



आगमनकाळ सुरू झाला की धर्मग्रामात नाताळच्या स्नेहमेळाव्याची चर्चा सुरू होते. मंडप कोण घालणार, गोठा कोण बांधणार, हाउझीचे आकडे कोण पुकारणार, यंदा सांताक्लॉज कोण होणार? अशा वेळी आम्हाला दरवर्षी दोन प्रकारची कुटुंबे दिसतात. बरीचशी कुटुंबे वेळेवर येतात, जेवतात आणि पुलाव कमी पडल्याचे बोलत घरी जातात. मोजकी कुटुंबे मात्र सकाळपासून राबतात. शेवटची पंगत उठल्यावर ती उभ्या उभ्या गार भात खातात. त्यांच्या मुलांना मग नाताळ मेळावा म्हणजे आईबाबा हाताशी नसण्याचा दिवस वाटू लागतो. या दोन्ही घरांचे काहीतरी हुकते. काय हुकते, ते पवित्र शास्त्राच्या आधारे पाहू या.

१. कानाचे लग्न (योहान २:१-११)
प्रभू येशू आपल्या शिष्यांसह या लग्नाला आमंत्रणावरून गेला होता. मेजवानीत बसून आनंद करणे त्याला कमीपणाचे वाटले नाही. तेव्हा मेळाव्यात मनापासून हसणे, खेळणे, जेवणे हीसुद्धा ख्रिस्ती जीवनाचीच बाजू आहे. द्राक्षारस संपल्याचे मरियामातेने येशूच्या कानावर घातले. तीही त्या आनंदात सामील होती, पण यजमानाची अडचण तिच्या नजरेतून सुटली नाही.

मग सेवकांनी सहा दगडी रांजण काठोकाठ भरले. एकेका रांजणात सुमारे ८० ते १२० लिटर पाणी मावत असे. नळ नसलेल्या गावात एवढे पाणी भरणे म्हणजे कष्टाचेच काम. येथे योहान एक बारीकशी गोष्ट नोंदवतो. द्राक्षारस चाखणाऱ्या भोजनकारभाऱ्याला तो कुठून आला हे कळले नाही. पाणी काढणाऱ्या सेवकांना मात्र ते ठाऊक होते. चव सर्वांना मिळाली, पण प्रभूची करणी प्रथम कळली ती हात ओले झालेल्यांना. जे मूल मेळाव्यात आजी-आजोबांना पाण्याचे पेले नेऊन देते, त्याला हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

२. सुटून गेलेल्या विधवा (प्रेषितांची कृत्ये ६:१-६)
यरुशलेममधील पहिल्या ख्रिस्ती समूहात रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवा सुटून जाऊ लागल्या. कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ती दडपली नाही. त्यांनी लोकांना सात जण निवडायला सांगितले आणि प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. म्हणजे पंगतीत कोणी सुटू नये ही काळजी वाहणाऱ्यांची निवडही प्रार्थनेने झाली. आपल्या मेळाव्यात कोण सुटते? नव्या इमारतीत राहायला आलेले, घरी दुसरी भाषा बोलणारे कुटुंब सुटते. जिना उतरता न येणारी आजी सुटते. यंदा घरात मयत झाली म्हणून मागे राहिलेले लोक सुटतात.

३. राबणाऱ्यांनाही पंगत हवी
बेथानीची मार्था कामाने व्यग्र होऊन तक्रार करते, तेव्हा प्रभू तिला प्रेमाने सावरतो (लूक १०:३८-४२). पुढे योहान १२:२ मध्ये ती पुन्हा वाढताना दिसते, पण तेथे तिची तक्रार ऐकू येत नाही. बेथलेहेमचे मेंढपाळही रात्रपाळीवरच होते (लूक २:८-२०). पहिल्या नाताळचे आमंत्रण कामावरच्या माणसांना मिळाले. ती गोठ्यापर्यंत गेली, बाळाला पाहिले आणि देवाचे गौरव करीत परतली. आपले स्वयंसेवक गोठ्यापर्यंत पोहोचतात का, की टोप घासता घासताच त्यांचा नाताळ संपतो?

४. कुटुंब ही लहान ख्रिस्तसभा
दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात (परिच्छेद ११) कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले. पुढच्याच वर्षी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशात (परिच्छेद ११) अनोळखी माणसाचे स्वागत करणे हे कुटुंबाच्या कार्यांत गणले. म्हणून आमची विनंती आहे: एकट्या आईने नव्हे, सगळ्या घराने मिळून अर्धा तास काम घ्यावे आणि उरलेला वेळ एकत्र बसून मेळाव्याचा आनंद घ्यावा. खुर्च्या मांडणे, पाणी देणे, वाढणे, भांडी घासणे अशी कामे वाटून घेतली, तर दरवर्षीच्या त्याच चार घरांनाही पंगतीत बसता येईल. वाढताना शेवटच्या रांगेपासून सुरुवात करावी. घरीच असलेल्या आजाऱ्यांचे डबे पहिल्या पंगतीआधी भरून ठेवावेत आणि ते पोहोचवायला मुलांना सोबत न्यावे.

घरी चिंतनासाठी प्रश्न
१. गेल्या मेळाव्यात आपल्या घराने काय चाखले, आणि काय भरले?
२. आपल्या शेजारचे कोणते कुटुंब अजून एकदाही आलेले नाही? त्यांना बोलवायला कोण जाईल?
३. आपल्यासाठी राबणाऱ्या कोणाला यंदा हात धरून पंगतीत बसवता येईल?

या प्रश्नांवर सायंप्रार्थनेनंतर सर्वांनी मिळून बोलावे. मुलांना आधी बोलू द्यावे. बाळ येशू आपल्या घरांना आनंद देवो, आणि तो वाटण्याचे बळही देवो.