बोट उचललं की आकडा का सरकतो?

प्रश्न : कर्जाचा हप्ता काढायच्या अ‍ॅपमध्ये रकमेसाठी १ लाख ते ५० लाखांचा स्लायडर आहे. त्याचा गोल मी बरोबर १२ लाखांवर आणतो आणि बोट उचललं की १२ लाख ४० हजार होतात. चार वेळा केलं, चारही वेळा रक्कम वाढलीच. मुलगा म्हणतो, बाबा, तुमचा हात थरथरतो. खरंच तसं असेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. हात थरथरत असता तर एखाद्या वेळी ११ लाख ६० हजारही दिसले असते. दर वेळी आकडा एकाच बाजूला जातो, यातच उत्तर आहे.

काचेवर बोट टेकतं तेव्हा फोनला ठिपका नाही, आठ-दहा मिलिमीटरचा ठसा जाणवतो. त्या ठशाचा मध्य काढून फोन ठरवतो, की बोट इथे आहे. उचलताना मात्र बोट सगळं एकदम सुटत नाही. अंगठा जरा लवंडतो, एक कड आधी सुटते, ठसा आकसतो आणि त्याचा मध्य बाजूला जातो. अंगठा रोज त्याच बाजूने लवंडतो, म्हणून घसरणही त्याच बाजूची. मी स्वतः पहिला स्लायडर लिहिला तेव्हा स्पर्शाच्या नोंदी एकाखाली एक छापून पाहिल्या होत्या. १८२, १८२, १८२ आणि बोट सुटता सुटता १८३, १८५. माझं बोट जागचं हललं नव्हतं.

आता हिशेब बघा. फोनवर ही पट्टी फार तर ६० मिलिमीटर लांब असते. तिच्यात ४९ लाख बसवले, म्हणजे एका मिलिमीटरला जवळजवळ ८२ हजार रुपये. तुमचे वाढलेले ४० हजार म्हणजे अर्धा मिलिमीटर! एवढ्या बारीक जागेवर माणसाने बोट रोखून धरावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

यावर उपाय आहेत, आणि ते करणं बनवणाऱ्याचं काम आहे. बोट क्षणभर थांबलं की तो आकडा पक्का धरायचा आणि सुटतानाच्या शेवटच्या दोन-तीन नोंदी सोडून द्यायच्या. रक्कम लाखालाखाच्या टप्प्याने सरकवायची, म्हणजे ५० थांबे होतात आणि दोन थांब्यांत सव्वा मिलिमीटर मिळतो. किंवा पट्टीचं मापच बदलायचं : ठरावीक अंतराला रक्कम दुप्पट. मग १ ते २ लाखांना जेवढी जागा, तेवढीच १६ ते ३२ लाखांना, साधारण साडेदहा मिलिमीटर. छोट्या रकमेला दहा हजारांचा फरक मोठा असतो, तिथे जागा जास्त मिळते. अँड्रॉइडने २०१८ साली नवव्या आवृत्तीत स्क्रीनच्या उजेडाचा स्लायडर याच तत्त्वावर बदलला, कारण डोळ्यांनाही अंधारातला थोडा फरक जास्त जाणवतो.

मला सगळ्यांत आवडलेली युक्ती आयफोनच्या जुन्या म्युझिक अ‍ॅपमधली. गाणं पुढे-मागे करताना बोट पट्टीवरून खाली ओढत नेलं की गोल हळू चालायचा. बोट जितकं खाली, तितकी चाल बारीक. आपल्या घरच्या जुन्या रेडिओतही हेच होतं. काटा दोरीवर चालायचा, बटण चांगलं फिरवावं तेव्हा तो जरासा सरकायचा, म्हणून तर विविधभारती नेमकी लागायची.

अजून एक गोष्ट बरेच जण विसरतात. गोल दिसायला लहान असला तरी त्याच्याभोवती न दिसणारी, बोट मावेल एवढी जागा ठेवावी लागते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात ती सुमारे ९ मिलिमीटर आहे. शिवाय बोटाखाली आकडा झाकला जातो, म्हणून तो गोलाच्या वर दाखवावा. पैशांच्या अ‍ॅपमध्ये तर आकडा टाइप करायची चौकट हवीच हवी. ती नसलेला स्लायडर मी अर्धवट काम समजतो.

तुमच्या अ‍ॅपमध्ये रकमेच्या आकड्यावरच एकदा बोट टेकवून बघा. बऱ्याच ठिकाणी तिथे कीबोर्ड उघडतो, फक्त तसं कुठे लिहिलेलं नसतं. नाहीच उघडला, तर फोन टेबलावर ठेवून अंगठ्याऐवजी तर्जनीच्या टोकाने गोल सरकवा. ठसा लहान पडतो, घसरण कमी होते. आणि मुलालाही बारा लाखांवर गोल आणून बोट उचलायला सांगा.