बिल सेव्ह होताना स्क्रीन का अडकते? असिंक फाइल रायटिंग, दुकानदाराच्या भाषेत

व्हिडिओत कोड दाखवला, पण त्यामागची गोष्ट राहिली, ती इथे लिहितो. कोडमधली नावं इंग्रजीतच टाईप करायची, ती व्हिडिओत स्क्रीनवर दिसतीलच. इथे फक्त समजून घ्या.

आमचं दुकान वढू बुद्रुकला. छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदानदिनाला, म्हणजे फाल्गुन अमावास्येला, गावात किती गर्दी होते ते शिरूर-हवेलीकडच्या लोकांना सांगायला नको. पाणी बाटली, बिस्किटं, टोप्या, काउंटरवर नुसती झुंबड. बिलिंगचा छोटा प्रोग्रॅम मी सी-शार्पमध्ये स्वतःच लिहिला होता. 'सेव्ह' दाबलं की बिल पेन ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये जायचं आणि तेवढा वेळ स्क्रीन थिजायची. दोन-तीन सेकंदच, पण समोर पंधरा माणसं उभी असली की ते फार असतात.

कारण साधं आहे. फाइलस्ट्रीम या क्लासची 'राइट' मेथड लिहिणं उरकेपर्यंत प्रोग्रॅमला तिथेच उभं करते. म्हणजे गिरणीत दळण टाकायचं आणि पीठ होईपर्यंत डब्याशेजारी उभं राहायचं. आपण घरी असं करतो का? दळण टाकतो, भाजी घेतो, येताना पीठ उचलतो. 'राइट-असिंक' हेच करते. ती लगेच एक 'टास्क' परत देते, गिरणीवाल्याच्या चिठ्ठीसारखा. पुढे 'अवेट' लिहिलं की स्क्रीन मोकळी राहते, आणि पीठ तयार झालं की पुढची ओळ चालते. सी-शार्पमध्ये हे असिंक-अवेट 2012 साली आलं.

एक गैरसमज काढून टाका: याने लिहिणं वेगवान होत नाही. गिरणी तीच, दळण तेवढंच. फक्त तुम्ही अडकत नाही. आणि फाइलस्ट्रीम उघडताना 'यूज-असिंक' ट्रू द्या, नाहीतर वरून असिंक दिसतं, पण आत दुसराच एक गडी थ्रेड बनून गिरणीत ताटकळतो.

आता माझी चूक. घाईत 'राइट-असिंक' लिहिलं, 'अवेट' विसरलो. कंपायलरने सूचना दिली होती, मी म्हटलं, चालतंय ना, मग झालं! स्क्रीन मस्त पळायला लागली, प्रत्येक बिलाला 'सेव्ह झालं' दिसायचं. दुपारी लाईट गेली. कॉम्प्युटर परत चालू केला तर फाइलमध्ये शेवटची 9 बिलं नव्हती. गल्ल्यात पैसे होते, हिशोब नव्हता. रात्री बायको आणि मी रॅकवरचा माल मोजत बसलो.

'अवेट' नसलं की प्रोग्रॅम चिठ्ठी फेकून घरी जातो आणि पीठ आलंच असं समजतो. मध्ये पेन ड्राइव्ह निघाला, डिस्क भरली, तरी ती एरर कुणालाच दिसत नाही. माझा 'सेव्ह झालं' मेसेज म्हणूनच खोटा होता.

पण नुसतं 'अवेट' लावूनही ती 9 बिलं वाचली नसती. हे मला नंतर कळलं. गिरणीत दळण संपलं तरी थोडं पीठ तोंडाला बांधलेल्या कापडी नळीत राहतं, गिरणीवाला ती झटकतो तेव्हा ते खाली पडतं. फाइलस्ट्रीमची ती नळी म्हणजे बफर, न सांगता 4096 बाइटचा. माझं एक बिल साधारण 300 बाइटचं, म्हणजे 13 बिलं नळीतच मावतात! 'फ्लश-असिंक' नळी झटकते, पण पीठ तिथून विंडोजच्या डब्यात येतं, विंडोज ते डिस्कवर आपल्या सवडीने टाकते. थेट डिस्कवर हवं असेल तर 'फ्लश'ला ट्रू द्यायचं. ते मात्र थांबवून ठेवतं, म्हणून मी ते 'टास्क-रन'मध्ये टाकलं आणि त्यालाही अवेट लावलं. त्यानंतरच 'सेव्ह झालं' दाखवायचं.

पाठोपाठ दोन बिलं आली तर? एकाच नळीखाली दोन डबे धरायचे नाहीत. 'सेमाफोर-स्लिम' एकाचा ठेवा, एक झालं की दुसरं. आणि वाट बघायला '.वेट' किंवा '.रिझल्ट' वापरू नका. विंडोज फॉर्ममध्ये दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि प्रोग्रॅम कायमचा लटकतो.

माझं मत विचाराल तर रोजच्या बिलासाठी साधी फाइल नकोच, एसक्यूलाइट घ्या. मध्येच लाईट गेली तरी अर्धवट व्यवहार मागे घ्यायची सोय त्यात आहे. साधी फाइल मी आता फक्त रात्रीच्या बॅकअपला ठेवली आहे.

तुम्ही कोड लिहीत नसाल, तयार सॉफ्टवेअर विकत घेणार असाल, तर विकणाऱ्यासमोर डेमो डेटावर पाच बिलं करा, पाचवं 'सेव्ह झालं' म्हटल्याबरोबर प्लग काढा. लॅपटॉप असेल तर पॉवरचं बटण दाबून धरा. परत चालू करा आणि बिलं मोजा. पाच भरली तर पुढे किमतीचं बोला.