काडतूस कुठलं चांगलं?

मोबाइलवर अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीचे व्हिडिओ बघून पोरं हल्ली विचारतात, "काका, सगळ्यात भारी काडतूस कुठलं?" आमच्या घरी शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोरची दुनळी वडिलांपासून आहे. शिकारीला मोकळीक होती त्या काळातले जव्हार-मोखाड्याचे किस्से त्यांच्या तोंडून ऐकत मी वाढलो. म्हणून हा प्रश्न माझ्याच दारात येतो. एका वाक्यात उत्तर देता येत नाही, त्यामुळे एकदा लिहूनच काढतो.

१. हरणासाठीचं काडतूस आपल्याकडे कुठलंच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानंतरही काही जनावरांसाठी शिकारीचा परवाना मिळू शकत होता, पण १९९१ च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. भेकर नागलीत शिरलं, सांबराने भात तुडवला, तरी त्यावर बार टाकायचा नाही. रानडुकराचं थोडं वेगळं आहे. पीक उद्ध्वस्त होत असेल तर वनखात्याकडून लेखी परवानगी मागता येते. इथे बहुतेकांची गल्लत होते, बंदुकीचा परवाना आहे म्हणजे डुक्कर मारायला मोकळे असं त्यांना वाटतं. बंदूक बाळगायचा परवाना जिल्हाधिकारी देतात, जनावर मारायची परवानगी वनखातं देतं. पहिला कागद खिशात असला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही.

२. रान बघून काडतूस ठरतं. व्हिडिओतली माणसं उघड्या माळावर दोन-अडीचशे मीटरवरून नेम धरतात. त्यांना .३०-०६ सारखं वेगवान काडतूस लागतं, कारण दहा ग्रॅमच्या आसपासची गोळी सेकंदाला पावणेनऊशे मीटरच्या वेगाने सुटली की तेवढ्या अंतरात फारशी खाली येत नाही. आपल्या खोडाळ्याच्या किंवा सूर्यमाळच्या उतारावर पावसाळ्यानंतर पन्नास पावलांपलीकडचं दिसत तरी काय? साग, ऐन, कारवी, मध्येच बांबूचं बेट. असल्या रानात वेगाला कोण विचारतो! जुने शिकारी .३१५ ची रायफल वापरत, ती त्यामुळेच. आपल्याच इशापूरच्या कारखान्यातली, गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमला थोडी कमी. जड आणि संथ, पण जवळच्या अंतरावर पुरून उरणारी. शिवाय .३०३ हे फौजेचं काडतूस, ते साध्या नागरिकाच्या हाती येत नसे. तेव्हा .३१५ ही थोडी आवड आणि बरीचशी सक्ती.

३. एलजीवर फार विसंबू नये. बारा बोरच्या काडतुसांत हे सगळ्यात जाड छर्र्यांचं. जुन्या मापात एका औंसाला सहा, प्रत्येक छर्रा नऊ मिलिमीटरच्या आसपास. वीस पावलांवर सगळे एकत्र बसतात, तेव्हा जनावर जागेवर पडतं. चाळीस पावलांवर फेक पसरते, एखादाच छर्रा लागतो, तोही पोटात नाहीतर पायात. जायबंदी डुक्कर कारवीत शिरलं की त्याच्या मागे जाण्याची हिंमत भल्याभल्यांची होत नाही. जे मेलं नाही ते दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर एखाद्या बाईच्या अंगावर जातं. वडिलांचा नियम साधा होता: अंतराची शंका आली की चाप ओढायचा नाही.

४. दणका मोजा. मोठ्या काडतुसाचा खांद्याला बसणारा धक्का माणूस विसरत नाही. पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात आणि नेम वर जातो. जिम कॉर्बेटकडे रिग्बीची .२७५ होती. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांना ती भेट मिळाली होती. गोळी अवघी नऊ ग्रॅमची, पण हाताला हलकी आणि नेमाला पक्की. स्वीडनमध्ये तर साडेसहा मिलिमीटरच्या जुन्या काडतुसावर घोड्याएवढी मूस पाडतात. काटकसरी काडतूस म्हणतात ते हेच. दारू कमी, धक्का कमी, गोळी मात्र हवी तिथेच.

५. आपला पाऊस काडतुसाचा वैरी. नागलीची कणसं भरतात भाद्रपद-आश्विनात, डुकरं येतात तेव्हाच, आणि तोवर घरातल्या भिंतीही घामेजलेल्या असतात. जुनी कागदी काडतुसं फुगत. अर्धी नळीत गेली की तिथेच अडकत, मग ना बार ना माघार. प्लॅस्टिकच्या नळकांड्यांनी ती कटकट संपवली, तरी बुडाचं पितळ हिरवं पडतंच. बोटाने पुसून हिरवं उतरलं नाही तर ते काडतूस बाजूला ठेवावं. आम्ही ती घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, चुलीपासून लांब. खडकीच्या कारखान्याचं असो की बाहेरचं, ओलीपुढे सगळी सारखीच.

६. जनावराच्या मागे काय आहे ते आधी बघा. बाकीचं विसरलात तरी चालेल, हे नाही. २०२५ च्या सुरुवातीला आपल्याच जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीने डुक्कर समजून स्वतःच्याच सोबत्याला गोळी घातली. माणूस गेला, आणि बाकीच्यांनी प्रेत लपवलं. झाडी हलली, काळं काहीतरी दिसलं, बार टाकला, एवढंच घडतं अशा वेळी. आपल्याकडे पाडे विखुरलेले, मोहाच्या दिवसांत बायापोरं पहाटेच फुलं वेचायला निघालेली, रात्री कोण खेकड्यांसाठी ओढ्यात उतरलेलं. रायफलची गोळी हुकली तर कोसभर लांब जाऊन पडते. काडतूस जितकं दमदार, तितकी ही धास्ती मोठी. माझं मत विचाराल तर शेतराखणीसाठी रायफल नकोच.

७. बहुतेक रात्री बार काढायची वेळच येत नाही. माळ्यावर दोघं जागे असले, शेकोटी धगधगती असली, पत्र्याचा डबा अधूनमधून बडवला, तर डुकरं शेजारच्या डोंगराला वळतात. (शेजाऱ्याचा डबा कुठे आहे, हा वेगळा प्रश्न.) कुंपणात वीज सोडणारे आणि फळात स्फोटक भरून ठेवणारे मात्र डोक्यातून जात नाहीत. त्यात माणसं मरतात, गुरं मरतात, आणि पहाटे तारेला आधी हात लागतो तो मालकाच्याच घरातल्या कुणाचा तरी. नुकसान झालंच तर दुसऱ्या दिवशीच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा. तुडवलेलं पीक उपटून साफ केल्यावर दाखवायला काही उरत नाही.

८. हिशेब ठेवा. काडतुसं विकत घेतली की परवान्यावर नोंद होते. किती उडाली, कुठे, का, हे घरच्या वहीत तारखेसह लिहावं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, तेव्हा पोच मागून घ्यावी आणि त्यावर बंदुकीचा नंबर नीट लिहिलाय का ते तिथेच उभं राहून वाचावं. घाईत साहेब लोक एखादा आकडा इकडचा तिकडे करतात, मग परत घेताना चार खेपा.