पीक तपासणीसाठी छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने स्पष्ट छायाचित्र कसे घ्यावे?

पिकावर रोग-कीड दिसली की पूर्वी शेतकरी बंधू फांदी किंवा फळ पिशवीत घालून विद्यापीठात अथवा कृषी विज्ञान केंद्रावर येत असत. आता बहुतेक जण छायाचित्र पाठवून सल्ला विचारतात. जाण्या-येण्याचा खर्च वाचतो, वेळही वाचतो. मात्र येणाऱ्या छायाचित्रांपैकी पुष्कळशी अशी असतात की त्यांवरून काहीच सांगता येत नाही. पान हिरवे आहे आणि त्यावर काहीतरी काळे आहे, एवढेच कळते.

दोन वर्षांपूर्वी मृग बहारातील डाळिंबाची अकरा छायाचित्रे एका बागायतदाराने पाठविली होती. अकराही अस्पष्ट. फळावरचे डाग गोल व कोरडे वाटले, म्हणून बुरशीजन्य ठिपके समजून सल्ला दिला गेला. चौथ्या दिवशी ते स्वतः फळे घेऊन आले, तेव्हा डागांवर इंग्रजी ‘वाय’ आकाराच्या चिरा स्पष्ट दिसत होत्या. तो तेल्या होता. तेल्या हा जिवाणूजन्य रोग असल्याने नुसत्या बुरशीनाशकाचा त्यावर उपयोग नाही. मधले दिवस पावसाचे गेले आणि रोग शेजारच्या ओळींत पसरला. अस्पष्ट छायाचित्रावरून सल्ला देण्याची चूक आमची होती; पण चिरा दिसणारे एक जरी छायाचित्र असते तर ती झाली नसती.

आज बहुतेकांच्या हाती मोबाईल आहे. तरीही दहा-पंधरा वर्षांपूर्वी लग्नकार्यासाठी किंवा सहलीसाठी घेतलेला खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा अनेक घरांत कपाटात पडून आहे. त्याला खरा झूम असतो, जवळून फोटो घेण्याची सोय असते आणि फवारणीच्या हातांनी हाताळताना महागड्या मोबाईलइतकी भीती वाटत नाही. पीक तपासणीसाठी तो उत्तम साधन आहे. फक्त त्याच्या मर्यादा ओळखून काम घ्यावे लागते.

कॅमेऱ्याची मर्यादा कशात आहे?

कॅमेऱ्यावर १२ किंवा १६ मेगापिक्सेल असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते. एक मेगापिक्सेल म्हणजे १० लाख ठिपके. परंतु हे ठिपके ज्या पट्टीवर बसविलेले असतात ती प्रकाश टिपणारी पट्टी, म्हणजे सेन्सर, बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत सुमारे ६ मि.मी. लांब व साडेचार मि.मी. रुंद एवढीच असते. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात फिल्मची चौकट ३६ × २४ मि.मी. असे, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ तीसपट. एवढ्याशा जागेत दीड कोटी ठिपके दाटीने बसले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश थोडाच येतो. दाट पेरलेल्या पिकासारखेच हे आहे. म्हणून मेगापिक्सेलच्या आकड्यावर जाऊ नये. अशा कॅमेऱ्याला भरपूर प्रकाश द्यावा, हाच त्याच्याकडून चांगले काम करून घेण्याचा मार्ग आहे.

प्रकाश कमी पडला की कॅमेरा आपोआप आय.एस.ओ. वाढवितो. आय.एस.ओ. म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता. ती ८०० च्या पुढे गेली की चित्रात रवाळपणा येतो व तो लपविण्यासाठी कॅमेरा बारीक तपशील पुसून टाकतो. भुरीची पावडर आणि साधी धूळ यांतला फरक नेमका याच तपशिलात असतो. शक्य असेल तेथे आय.एस.ओ. हाताने १०० किंवा २०० वर ठेवावा. मेनूमध्ये चित्राचा आकार सर्वांत मोठा व दर्जा ‘फाइन’ निवडावा.

डिजिटल झूम कायमचा बंद करावा. खरा झूम भिंगे हलवून वस्तू जवळ आणतो. डिजिटल झूम आधी टिपलेले चित्रच ताणून मोठे करतो. त्यातून नवीन काही दिसत नाही.

जवळून फोटो घेताना

सर्वांत जास्त चुका येथे होतात. कॅमेऱ्यावर फुलाचे एक छोटे चिन्ह असते. हे जवळच्या फोटोसाठी आहे. ते चालू न करता पानाजवळ गेल्यास मागची माती स्वच्छ येते आणि पान पुसट. चिन्ह चालू केल्यानंतरही किती जवळ जाता येते, हे प्रत्येक कॅमेऱ्यात वेगळे असते; काहींत ५ सें.मी., काहींत त्याहून कमी-अधिक. हे अंतर बहुधा झूम पूर्ण मागे घेतलेला असतानाच लागू पडते. झूम पुढे नेला की तेवढे जवळ जाऊन चालत नाही. झूम पुढे नेऊन शिवाय पानाजवळ नेलेला कॅमेरा फोटो पुसटच देणार.

आपल्या कॅमेऱ्याचे अंतर घरीच शोधून ठेवावे. टेबलावर वर्तमानपत्र पसरून शेजारी फूटपट्टी ठेवावी. झूम पूर्ण मागे व फुलाचे चिन्ह चालू ठेवून ५, १०, १५ व २० सें.मी. अंतरावरून एकेक फोटो घ्यावा. पडद्यावर मोठा करून पाहिल्यास कोणत्या अंतरापासून अक्षरे स्वच्छ येतात ते लगेच कळते. अगदी जवळ गेल्यास कॅमेऱ्याची सावली कागदावर पडते, हेही लक्षात येईल. तेव्हा सर्वांत जवळच्या अंतरापेक्षा थोडे मागे राहणे बरे. फोटोचा मधला भाग नंतर कापून घेता येतो.

कळ एकदम दाबू नये. अर्धी दाबून थांबावे. बहुतेक कॅमेऱ्यांत हिरवी चौकट येते व बारीक आवाज होतो. चौकट नेमकी डागावर आहे ना, हे पाहून मग उरलेली कळ हळू दाबावी. चौकट लाल किंवा पिवळी दिसली अथवा लुकलुकू लागली तर थोडे मागे सरकून पुन्हा अर्धी दाबावी. कोपरे बरगड्यांना टेकवावेत. हात हलल्याचे चिन्ह पडद्यावर दिसत असल्यास कॅमेरा क्रेटवर किंवा बांधावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा. कॅमेऱ्यातील थरथर रोखणारी सोय आपला हात सावरते, वाऱ्याने हलणारे पान नव्हे. पान दुसऱ्याने धरावे, किंवा तोडून सपाट ठेवावे. जवळच्या फोटोत स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली फार थोडी असते. त्यामुळे पान भिंगाला समांतर असावे. वाकड्या पानाचे एकच टोक स्पष्ट येते.

पार्श्वभूमीसाठी गोणपाट किंवा राखाडी पुठ्ठा चांगला. पांढऱ्या कागदावर पान ठेवल्यास कॅमेरा उजेड जास्त समजतो आणि पान काळवंडते. अशा वेळी अधिक-उणे खुणेची कळ वापरून उजेड एका घराने वाढवावा. फुटलेल्या कापसाच्या बोंडाचा फोटो काढतानाही हेच करावे लागते.

प्रकाश आणि रंग

सकाळी दहाच्या आतला किंवा ढगाळ दिवसाचा मऊ प्रकाश सर्वांत चांगला. भर दुपारी पान चमकते व डागांचा रंग उडतो. दुपारीच फोटो घ्यावा लागला तर पानावर स्वतःची सावली धरावी, पण मग संपूर्ण चौकट सावलीत असावी. अर्धे ऊन, अर्धी सावली नको. जवळच्या फोटोसाठी फ्लॅश बंद ठेवावा. दहा सें.मी. वरून मारलेल्या फ्लॅशने डाळिंबाच्या किंवा टोमॅटोच्या सालीवर पांढरा झोत उठतो आणि नेमका डागच त्याखाली जातो. उजेड कमी वाटल्यास सावलीच्या बाजूला पांढरा कागद धरून प्रकाश परतवावा.

हिरव्या शेडनेटखाली सर्व काही हिरवट दिसते. तेथे काढलेल्या फोटोवरून पाने पिवळी पडली आहेत की नाहीत, हे सांगता येत नाही. पान तोडून बाहेर मोकळ्या सावलीत आणावे. शेजारी त्याच वाणाचे एक निरोगी पान व पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवला, तर पाहणाऱ्याला रंगाची तुलना करता येते. लोहाची कमतरता कोवळ्या पानांवर आधी दिसते, नत्राची व मॅग्नेशियमची जुन्या पानांवर. म्हणून अन्नद्रव्यांची शंका असल्यास एकट्या पानाचा फोटो अपुरा ठरतो; शेंड्यापासून खालपर्यंत पूर्ण फांदी दाखवावी.

काय काय दाखवावे?

आधी शेताचा किंवा ओळीचा एक फोटो, मग पूर्ण झाडाचा, मग रोगट भागाचा जवळून. पानाची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू हव्यातच. द्राक्षावर केवडा आला की पानाच्या वरच्या बाजूस पिवळसर तेलकट डाग आणि त्याखाली पांढरी बुरशी दिसते; भुरीची पावडर बहुधा वरच्या बाजूसही असते. दोन्ही रोगांची औषधे वेगळी. वरच्याच बाजूचा फोटो आला तर सुरुवातीच्या अवस्थेत खात्रीने बोलणे कठीण जाते. आणखी एक सोपी युक्ती: पान उजेडाकडे धरून मागून प्रकाश येईल असा एक फोटो घ्यावा. केवड्याचे तेलकट डाग आणि तेल्याचे पाणी भरल्यासारखे डाग त्यात फार चांगले उठून दिसतात.

मक्यातील अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये आढळली, तेव्हापासून पोंग्यातील प्रत्येक अळीचा फोटो पाठविला जातो. ओळख पटण्यासाठी अळीची दोन ठिकाणे स्पष्ट हवीत: डोक्यावरील उलट्या ‘वाय’ची खूण आणि शेपटीकडील चौकोनात बसलेले चार काळे ठिपके. नुसती हिरवट-तपकिरी अळी पाहून नाव सांगता येत नाही. फुलकिडा जेमतेम १ मि.मी. लांब असतो. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून कागदाचा फोटो घ्यावा. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे १० पट मोठे करणारे हातभिंग धरल्यास किडा ओळखण्याइतका येतो. लाल कोळीच्या मागे मात्र लागू नये, त्याने केलेली जाळी व पानावरचे पांढरट ठिपके दाखविले तरी पुरे.

मापासाठी अनेक जण शेजारी नाणे ठेवतात. रुपयाची नाणी वेगवेगळ्या आकारांत निघाली आहेत, तेव्हा मि.मी.च्या खुणा असलेली पट्टी ठेवणे बरे.

निगा आणि पाठवणी

फवारणीच्या धुक्यात कॅमेरा काढू नये. भिंगावर औषधाचा पातळ थर बसला तरी सर्व चित्र धूसर होते आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. आधी फुंकणीने धूळ उडवून मगच मऊ कापडाने पुसावे. धुळीसकट पुसल्यास भिंगावर ओरखडे पडतात. पावसाळ्यात भिंगाला आतून बुरशी लागते. कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. बराच काळ वापर नसल्यास बॅटरी काढून ठेवावी. परत घालताना तारीख व वेळ तपासावी, कारण घड्याळ मूळ तारखेवर गेलेले असते. गारपिटीच्या नुकसानीच्या फोटोवर भलत्याच वर्षाची तारीख असल्यास शंका घेतली जाते.

कार्डातील चित्रे कार्ड रीडरने मोबाईलवर घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत. साधा फोटो म्हणून पाठविल्यास चित्र लहान केले जाते आणि एवढी काळजी घेऊन टिपलेला तपशील वाटेतच गळतो. पाठविण्यापूर्वी प्रत्येक चित्र पडद्यावर मोठे करून पाहावे; अस्पष्ट असलेली काढून टाकावीत. दहा धूसर चित्रांपेक्षा चार स्वच्छ चित्रे उपयोगी पडतात. सोबत वाण, लागवडीची किंवा छाटणीची तारीख, पाणी देण्याची पद्धत आणि मागील १५ दिवसांतील फवारण्या लिहाव्यात. औषधाचे नाव ऐकीव लिहिण्याऐवजी डब्यावरील लेबलचाच एक फोटो जोडावा, आणि त्यातील घटकाचे नाव व प्रमाण वाचता येते ना, तेही पाहावे.