पित्ताशय काढावे की थांबावे?

एक शिक्षिका हायडा स्कॅनचा अहवाल घेऊन माझ्याकडे आल्या. सोनोग्राफीत खडा नव्हता. मात्र पित्ताशय जेमतेम 28 टक्के रिकामे होत होते. "डॉक्टरसाहेब, काढून टाकू का?" प्रश्न सरळ होता, उत्तर तसे नव्हते.

40 टक्क्यांहून कमी आकडा मंद पित्ताशयाचा निदर्शक मानतात. परंतु 2016 च्या रोम-4 निकषांत तो केवळ पूरक पुरावा आहे. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांनीही तो घसरतो. खरी साक्ष वेदनेची: पोटाच्या वरच्या भागात, मध्ये वा उजवीकडे उठणारी, अर्धा तास तरी टिकणारी, शौचाने वा आम्लपित्ताच्या गोळीने न शमणारी कळ. बाईंची तक्रार मुख्यतः सराफ्यातील रात्रीच्या खाण्यानंतरच्या पोटफुगीची होती.

1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी भारतात प्रथम दुर्बिणीने पित्ताशय काढले. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया सोपी झाली (आणि आपला निर्णयही जरा सैल झाला, असे मला वाटते). पित्तनलिकेला इजा मात्र आजही क्वचित होते, आणि ती झाल्यास रुग्णाला दीर्घकाळ भोगावी लागते.

ताप वा कावीळ दिसल्यास तत्काळ येण्यास बजावून मी त्यांना तीन महिने दुखण्याची वही ठेवावयास सांगितले. वहीत पोटफुगीच्या नोंदी पुष्कळ होत्या; तशी कळ एकदाही नव्हती. शस्त्रक्रिया आम्ही केली नाही.