शंभर रुपयांची नोंदणी आणि घरचा पत्ता

दिवाळी महिन्यावर आली की इंदूरच्या कृष्णपुरा, नंदलालपुरा, रामबाग या बाजूच्या मराठी घरांत फराळाच्या ऑर्डरी सुरू होतात. चकली, अनारसे, चिवडा, करंज्या. पूर्वी ओळखीवर सगळं भागायचं. आता गिऱ्हाईक आधी विचारतं, ‘‘ताई, फूड लायसन आहे ना?’’ प्रश्न रास्त आहे. मग घरातली बाई कागदपत्रांची पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर जाते, मागतील तितके पैसे देते, मागतील ते कागद देते आणि प्रमाणपत्र घेऊन घरी येते. किती पैसे सरकारी होते आणि किती मधल्यामध्ये गेले, हे तिला माहीत नसतं. आपला फोटो, आधार, मोबाइल आणि घरचा पत्ता कुठे कुठे गेला, हे तर कुणी विचारतही नाही. हा लेख या दोन्ही हिशेबांचा आहे. दुकानात खराब माल मिळाला म्हणून तक्रार करायची आहे, पण आपलं नाव दुकानदाराला कळेल या धास्तीने गप्प बसलेल्या गिऱ्हाइकासाठीही आहे.

आधी एक घोळ मिटवू. इंदूरमध्ये खाण्याच्या बाबतीत काही बिघडलं की पहिला फोन महापालिकेला जातो, कारण स्वच्छतेमुळे महापालिकेची सवय झालेली आहे. पण अन्नाची नोंदणी, परवाना, नमुने आणि तपासणी हे काम महापालिकेचं नाही. ते राज्याच्या खाद्य व औषधी प्रशासनाचं आहे. जिल्ह्यात अभिहित अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे खाद्य सुरक्षा अधिकारी ते पाहतात. कायदा केंद्राचा, अन्नसुरक्षा व मानके कायदा 2006. तो 5 ऑगस्ट 2011 पासून लागू आहे. दुकानापुढची घाण, तुंबलेली नाली, ठेल्याची जागा यासाठी महापालिका. ताटातल्या पदार्थासाठी खाद्य विभाग. चुकीच्या दारात दिलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो, आणि प्रत्येक टेबलावर तुमचं नाव आणि नंबर वाचला जातो. योग्य खातं गाठणं हा माहिती जपण्याचाच पहिला भाग आहे.

आता पैसे. 2011 च्या परवाना व नोंदणी नियमावलीत छोट्या व्यावसायिकासाठी, म्हणजे मुळात वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यासाठी, साधी नोंदणी ठेवली होती. शुल्क वर्षाला 100 रुपये. घरगुती फराळ, डबे, ठेला, छोटी खानावळ यात येतात. त्यावरच्या व्यवसायाला राज्याचा परवाना लागतो. हॉटेल, केटरिंग, किरकोळ दुकान यांना साधारण वर्षाला 2,000 रुपये आणि उत्पादकांना क्षमतेप्रमाणे 3,000 ते 5,000. मोठ्या कारखान्यांच्या केंद्रीय परवान्याला 7,500. उलाढालीच्या मर्यादा आणि मुदतीचे नियम सरकार बदलत असतं, म्हणून भरण्याच्या दिवशी ‘फॉस्कॉस’ या सरकारी पोर्टलवर जी रक्कम दिसेल तीच खरी माना. अर्ज तिथेच होतो, पैसे तिथेच ऑनलाइन भरले जातात आणि पावतीही तिथेच मिळते. त्याखेरीज ‘साहेबांचे’, ‘फाइल पुढे सरकवायचे’ असे जे आकडे सांगितले जातात, त्यांना कायद्यात जागा नाही.

नोंदणीच्या अर्जावर 7 दिवसांत निर्णय द्यायचा किंवा तपासणीची नोटीस काढायची, असं नियमावली सांगते. 7 दिवसांत यातलं काहीच झालं नाही, किंवा तपासणी ठरूनही 30 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर छोटा व्यावसायिक काम सुरू करू शकतो. ही तरतूद लक्षात ठेवा, कारण मध्यस्थाची सगळी कमाई तुमच्या घाईवर आणि भीतीवर चालते.

कियोस्कवर जाण्यात गैर काही नाही. सगळ्यांना पोर्टल जमतं असं नाही आणि कियोस्कवाल्याने त्याच्या श्रमाचे पैसे घ्यावेतच. फक्त सरकारी शुल्क किती आणि त्याचे किती, हे आधी वेगळं विचारून घ्या. पैशांपेक्षा तिथे काय घडतं ते नीट पाहा. तुम्ही आधारचा फोटो त्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवता. तो संगणकावर उतरवून घेतो. अर्ज झाला, प्रिंट निघाली, तुम्ही निघालात. पण तुमचं आधार, वीजबिल आणि पासपोर्ट फोटो त्या संगणकाच्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तसेच राहतात, आणि तिथेच दिवसभरात आणखी किती जणांचे असतात. म्हणून कागद पेनड्राइव्हवर न्या किंवा आपल्या ई-मेलवरून तिथल्या तिथे उघडा, आणि काम झाल्यावर समोर उभं राहून फाइली पुसायला लावा. संकोच वाटायचं कारण नाही. ओळखपत्र म्हणून चालत असेल तिथे ‘मास्क्ड’ आधार द्या. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात आणि आधारच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवता येतं.

यापेक्षाही मोठी गफलत अर्जातल्या एका रकान्यात होते: मोबाइल आणि ई-मेल. घाईत मध्यस्थ तिथे स्वतःचा नंबर टाकतो. मग ओटीपी त्याला, नूतनीकरणाची सूचना त्याला, खात्याची नोटीसही त्यालाच. तुमच्या व्यवसायाची किल्ली त्याच्या खिशात जाते आणि पुढच्या वेळी तो सांगेल तो भाव तुम्हाला द्यावा लागतो. शंभर रुपयांची नोंदणी महाग पडते ती अशी. नंबर स्वतःचाच द्या, पण घरचा नको. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या. महिन्याचा रिचार्ज पडेल, पण तो खर्च वाया जात नाही. का, ते पुढे येतं.

सरकारी वाटणाऱ्या नावांची खासगी संकेतस्थळं हा आणखी एक सापळा आहे. शोधताना जाहिरातीत तीच वर येतात, अर्जासारखाच अर्ज दाखवतात आणि शंभराच्या जागी हजारांत पैसे घेतात. आधार आणि पॅनची प्रत तर घेतातच. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर पान बंद करा. तसंच ‘खाद्य विभागातून बोलतोय, तपासणी निघाली आहे, इतके ऑनलाइन पाठवा’ असा फोन आला तर एक पैसाही पाठवू नका. विभागाचं शुल्क फोनवर कुणाच्या खात्यात भरायचं नसतं.

नोंदणी झाली की 14 आकडी क्रमांक मिळतो. पहिला अंक 1 असेल तर परवाना, 2 असेल तर नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, मध्य प्रदेशचे 14. म्हणजे इंदूरच्या घरगुती फराळाच्या पाकिटावर 214 ने सुरू होणारा क्रमांक दिसायला हवा. 1 जानेवारी 2022 पासून खाण्याच्या बिलावरही हा क्रमांक छापणं बंधनकारक आहे. गिऱ्हाइकाने तो फॉस्कॉसवर टाकला की व्यवसायाचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की संपली, हे फुकट दिसतं. गिऱ्हाइकासाठी हे उत्तम आहे आणि प्रत्येकाने ते करून पाहावं.

पण घरून काम करणाऱ्या बाईच्या बाजूने पाहा. हॉटेलचा पत्ता रस्त्यावरच असतो, तो कुणापासून लपवायचा? तिचा पत्ता म्हणजे तिचं राहतं घर. आवेष्टित पदार्थाच्या लेबलवर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता लागतो, आणि वजनमापाच्या नियमांप्रमाणे तक्रारीसाठी फोन आणि ई-मेलही. चिवड्याचं अर्ध्या किलोचं एक पाकीट सराफ्यात कुणाच्या हाती गेलं, तर त्या माणसाला एका बाईचं नाव, घर नंबर, गल्ली आणि मोबाइल एकत्र मिळतात. एकट्या राहणाऱ्या किंवा मुलींसह राहणाऱ्या बाईला याची काळजी वाटणं स्वाभाविक आहे. माल कुठे बनला हे कळणं गिऱ्हाइकाचा हक्क आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही कारखाना आणि स्वयंपाकघर यांना एकाच मापाने मोजणं मला चुकीचं वाटतं. पूर्ण पत्ता खात्याकडे असावा आणि लेबलवर क्रमांक, शहर आणि व्यवसायाचा फोन पुरावा, अशी सोय घरगुती व्यावसायिकांसाठी झाली पाहिजे. ती होईपर्यंत हाती असलेले उपाय करा: व्यवसायाला वेगळं नाव, वेगळं सिम, वेगळा ई-मेल. चार-पाच जणी मिळून एखादी खोली भाड्याने घेऊन तिथेच माल बनवत असाल, तर नोंदणी त्या जागेची करा. लेबलवर तोच पत्ता जाईल. खोटा किंवा अर्धवट पत्ता मात्र देऊ नका. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला जागा सापडली नाही तर अडचण तुमचीच होते.

हाताखाली माणसं असतील तर आणखी एक जबाबदारी येते. नियमावलीच्या चौथ्या परिशिष्टाप्रमाणे अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते, विषमज्वराच्या गटातल्या रोगांची लस द्यावी लागते आणि त्याची नोंद ठेवावी लागते. तपासणीचा खर्च मालकाने करावा, कारागिराच्या पगारातून कापू नये. आणि त्याचे रिपोर्ट कुलपात ठेवावेत. ते अधिकाऱ्याला दाखवायचे असतात, गल्ल्याशेजारी चिकटवायचे नसतात. भिंतीवर लावायचं असतं ते नोंदणीचं प्रमाणपत्र.

आता तक्रारदाराकडे. तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अॅप आहे, राज्याची 181 ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, किंवा साधा अर्ज अभिहित अधिकाऱ्याला देता येतो. मोबाइल बहुतेक ठिकाणी द्यावाच लागतो आणि तक्रार ज्या अधिकाऱ्याकडे पोचते त्याच्याकडे तो जातो, कारण निकाली काढण्याआधी त्याला तुमच्याशी बोलायचं असतं. इथपर्यंत ठीक. पण तो दुकानदारापर्यंत जाता कामा नये, आणि यासाठी तक्रारीत पहिलंच वाक्य लिहा: ‘माझे नाव व संपर्क गोपनीय ठेवावा.’ या वाक्याला आधार आहे. 2006 च्या कायद्याच्या कलम 16 मध्ये, गोपनीयतेची विनंती केलेली आणि मान्य झालेली माहिती अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तिसऱ्याला देऊ नये असं म्हटलं आहे. अपवाद सार्वजनिक आरोग्याचा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(छ) प्रमाणे, विश्वासाने मदत करणाऱ्याची ओळख उघड होईल अशी माहिती नाकारता येते. म्हणजे उद्या दुकानदाराने ‘तक्रार कुणी केली’ असा अर्ज टाकला, तरी खात्याला नाही म्हणायला कायद्याचं बळ आहे. तक्रारीत तुमची ओळख सांगणारे तपशील तुम्हीच भरू नका. ‘आमच्या मजल्याखालचं दुकान’ असं लिहिलं की नाव गुप्त ठेवून काय उपयोग?

तक्रारीवरून अधिकारी नमुना घेतो तेव्हा तुमची गरज नसते. नमुन्याची किंमत तो दुकानदाराला देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, नमुन्याचे चार भाग करतो आणि एक भाग खाद्य विश्लेषकाकडे पाठवतो. अहवाल 14 दिवसांत अपेक्षित असतो. त्या वेळी ‘इथे सही करा’ म्हणून तुम्हालाच साक्षीदार केलं, तर तुमचं नाव-पत्ता कागदावर येईल आणि तो कागद दुकानदाराला दिसेल. नको असेल तर नम्रपणे नकार द्या.

कलम 40 प्रमाणे गिऱ्हाईक स्वतः शुल्क भरून विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतं. पदार्थ नियमात बसला नाही तर भरलेले पैसे परत मिळतात. मात्र अट अशी की, खरेदी करतानाच दुकानदाराला ‘हे मी तपासायला देणार आहे’ असं सांगावं लागतं. म्हणजे हा मार्ग नाव लपवून चालता येत नाही. मला विचाराल तर रोजच्या दूध-पनीर-मिठाईच्या शंकेला फुकट आणि गोपनीय तक्रारच बरी. आजार झाला आहे, दवाखान्याचा खर्च झाला आहे आणि भरपाई मागायची आहे, तर मग नावानिशी उभं राहावंच लागतं. तेव्हा बिल, उरलेला पदार्थ आणि दवाखान्याचे कागद जपा. जिल्हा ग्राहक आयोगात, दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर दाव्याला शुल्क नाही.

आपल्याबद्दल खात्याकडे काय नोंदलं आहे हे पाहायचं असेल, उदाहरणार्थ आपल्याच दुकानाचा तपासणी अहवाल, तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि उत्तर 30 दिवसांत यायला हवं. मध्य प्रदेशात पहिल्या अपिलाला 50 आणि दुसऱ्याला 100 रुपये लागतात. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती मात्र आता सहज मिळणार नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 ने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम अधिक कडक केलं आहे. याच कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचे, पुसायला लावण्याचे हक्क त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायचे आहेत. तोवर लेखी अर्ज आणि त्याची पोच, हीच आपली हत्यारं.

ज्यांची नोंदणी आधीच झाली आहे त्यांनी आज एवढं करा. फॉस्कॉसवर स्वतः लॉग-इन करा आणि नोंदलेला मोबाइल, ई-मेल आणि मुदत तपासा. लॉग-इनचा ओटीपी दुसऱ्याच्याच फोनवर गेला, तर दिवाळीची पहिली ऑर्डर घेण्याआधी जिल्ह्याच्या खाद्य विभागात लेखी अर्ज देऊन तो नंबर बदलून घ्या.