घरून काम करू द्यावे, असा अर्ज



मागच्या धड्यात आपण बँकेत पैसे भरण्याची चिठ्ठी लिहायला शिकलो. आज अर्ज लिहू. अर्ज सोपा असतो, पण तो लिहिताना मोठमोठी माणसे चुकतात. आम्हीही चुकलो. ती चूक आधी सांगतो, म्हणजे तुमची टळेल.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ आहेत. आमच्या रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या एक ताई अशाच एका कारखान्यात अकरा वर्षे शिवण करतात. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डावा पाय अधू आहे. काठी घेऊन चालतात. कारखाना तळमजल्यावर होता तोवर अडचण नव्हती. मग मालकांनी खाली गोदाम केले आणि शिलाईची यंत्रे दुसऱ्या मजल्यावर नेली. जिना अरुंद, अडतीस पायऱ्यांचा. कठडा एकाच बाजूला, तोही उजव्या हाताला. चढताना तो कठडा धरता येई, पण उतरताना तो डाव्या हाताला येई, आणि काठी तर त्याच हातात. पावसाळ्यात एकदा ताई पाच पायऱ्या घसरल्या. हाड मोडले नाही एवढेच. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाल्या, "गुरुजी, काम सोडलं तर घर चालायचं नाही, आणि जिना चढले तर एक दिवस मीच चालायची नाही. शेठना एक कागद लिहून द्या."

आम्ही कागद लिहून दिला. पानभर लिहिले. 'आपण गोरगरिबांचे मायबाप आहात', 'या अभागिनीवर दया करावी', असे सगळे त्यात होते. आमच्या मते अक्षर सुरेख होते. शेठनी तो वाचला, हळहळले, शंभर रुपयांची नोट काढून ताईंच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "औषधपाणी करा."

ताईंनी ती नोट आमच्यासमोर टेबलावर ठेवली. काही बोलल्या नाहीत. आम्हाला फार ओशाळल्यासारखे झाले. आम्ही दया मागितली होती, शेठनी दया दिली. काम कसे व्हावे हे कागदात कुठेच नव्हते. मग बिचाऱ्या शेठनी तरी काय करायचे?

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. कारण दुसरेच होते. आम्ही मुख्याध्यापक असताना, २००९ च्या एप्रिलमध्ये, आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी असाच अर्ज केला होता. ते कुबड्यांवर चालत. वार्षिक परीक्षा झाल्या होत्या, मुलांना सुटी होती. निकालपत्रके घरी बसून भरू द्यावीत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आम्ही लाल शाईने शेरा मारला : 'एकास सवलत दिल्यास सर्व मागतील. नामंजूर.' ते एकोणीस दिवस बिनपगारी रजेवर गेले, आणि त्यांच्या वर्गाची निकालपत्रके शेवटी आम्हीच घरी नेऊन रात्री जागून भरली. म्हणजे काम घरी होण्यासारखे होते! हे तेव्हा आमच्या ध्यानात कसे आले नाही, याचे आज नवल वाटते. त्या गुरुजींची आम्ही नंतर भेट घेतली. ते चहा पाजूनच सोडतात, पण त्या एकोणीस दिवसांचा विषय त्यांनी कधी काढला नाही. आम्हीही धीर केला नाही.

असो. दुसऱ्या दिवशी आम्ही ताईंना घेऊन बसलो आणि विचारायला लागलो. शर्टाची कामे किती? त्यांतली कोणती मोठ्या यंत्राशिवाय होत नाहीत? ओव्हरलॉक आणि काज करण्याचे यंत्र घरी नाही, तेव्हा ती कामे गेली. पण कॉलर तयार करणे, खिसे दुमडून शिवणे, बटणे लावणे, दोरे कापणे ही कामे घरच्या साध्या शिलाई यंत्रावर व हाताने होतात. ताई म्हणाल्या, "कॉलरी मी दिवसाला ऐंशी काढते." हे वाक्य आमच्या पहिल्या अर्जात नव्हते. अख्ख्या अर्जाचे मोल त्या एका वाक्यात आहे, बरे का!

माल कोण नेणार-आणणार? भाचा सायकलवरून रोज त्याच रस्त्याने जातो. मोजदाद कुठे व्हावी? खाली गोदामात. तिथे जिना नाही. असे एकेक गाठोडे सुटत गेले.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीचा कायदा १९९५ चा होता. नव्या कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. त्यात वाजवी सोय ही एक मोठी गोष्ट आहे. वाजवी सोय म्हणजे काय? दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने आपला हक्क बजावता यावा म्हणून जरूर तो फेरबदल करणे. मात्र त्याचा बोजा समोरच्यावर अवाजवी पडता कामा नये. 'घरून काम' हे शब्द त्या व्याख्येत नाहीत. पण जिथे काम घरून होण्यासारखे आहे, तिथे तीही एक सोय म्हणून मागता येते. सरकारी कचेरीने अशी सोय करून द्यावी, हे कायद्यात स्पष्ट आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी नोकराला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. जुन्या कायद्यातही ही तरतूद होती. पाय कापावा लागलेल्या एका शिपायाला नोकरीतून काढले, तेव्हा २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. खाजगी कारखान्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे बंधन तितके घट्ट नाही, पण समान संधीचे धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचे आहे. त्यामुळे 'आपल्या कारखान्याचे धोरण काय आहे?' असे नम्रपणे विचारता येते. हक्क डावलला जात असेल, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. त्यांची कचेरी पुण्याला आहे. पण पहिल्याच कागदात तक्रारीची धमकी घालू नये, असे आमचे मत आहे. शेठ आणि ताई यांना उद्याही एकमेकांचे तोंड पाहायचे आहे.

दुसरा अर्ज ताईंनी स्वतः लिहिला. आम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले. तो असा :

"मा. मालक यांस,
सप्रेम नमस्कार.
विषय : कॉलर व खिशांचे काम घरून करण्याची परवानगी मिळण्याबाबत.

मी आपल्या कारखान्यात अकरा वर्षे शिवण करते. माझ्या डाव्या पायाला पोलिओमुळे अपंगत्व आहे. सरकारी दवाखान्याच्या दाखल्याची नक्कल जोडली आहे. शिलाई विभाग दुसऱ्या मजल्यावर गेल्यापासून जिना चढणे-उतरणे मला धोक्याचे झाले आहे. गेल्या महिन्यात मी पडले.

मी कॉलर, खिसे, बटणे व दोरे कापणे ही कामे घरी करीन. घरी माझे शिलाई यंत्र आहे. दिवसाला ऐंशी कॉलरी देईन. माल भाचा नेईल व आणील. दर शनिवारी मी स्वतः खाली गोदामात येऊन मोजून देईन. खराब निघालेला नग मी परत शिवून देईन.

मजुरीचा दर कारखान्यातलाच असावा. माझे नाव हजेरीपटावर राहावे. भविष्य निर्वाह निधी व विम्याची वर्गणी पूर्वीप्रमाणे चालू राहावी.

दोन महिने करून पाहावे. आपली गैरसोय झाल्यास आपण बोलून दुसरा मार्ग काढू. उत्तर लेखी मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)"

या अर्जात 'दया' हा शब्द एकदाही नाही. पाहा बरे शोधून! आजाराचे वर्णनही तीन-चार ओळींत आटोपले आहे. आपल्या दुखण्याची सगळी कहाणी मालकाला सांगण्याची गरज नसते. जिना चढता येत नाही आणि त्याला दाखला आहे, एवढे पुरे.

शेठनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "ताई, एकीला दिलं तर दहा जणी मागतील." (हे ऐकून आम्ही खाली पाहिले.) ताई म्हणाल्या, "दहा जणींचा पाय असा आहे का, शेठ? असला तर त्यांनाही द्या." शेठ हसले आणि कबूल झाले. पण जाता जाता म्हणाले, "मग हजेरीपटावरून नाव कमी करतो. घरी काम म्हणजे खुल्या मजुरीचं काम."

खरी मेख इथे होती. नाव गेले की फंड गेला, विमा गेला, अकरा वर्षांची नोकरीही पुसली गेली. पुष्कळ बायका इथेच फसतात. घरी बसून काम मिळाले या आनंदात कुठेही सही करतात. तुम्ही तसे करू नका. घरी काम केले म्हणून माणूस कामगार राहत नाही, असे नाही. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरीच वळत आल्या. पाने आणि तंबाखू आणायची, विड्या मोजून द्यायच्या. घरी विड्या वळणारेही भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याखाली कामगारच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले. शिंपीकामाचा खटला त्याहून जुना आहे, १९७३ चा. आंध्र प्रदेशातल्या त्या दुकानातले शिंपी कधी कधी कापड घरी नेऊन शिवत. त्यामुळे ते दुकानाचे नोकर नाहीत असे होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. काम नापसंत करण्याचा व परत शिवून घेण्याचा अधिकार मालकाचा होता, ही गोष्ट त्यात महत्त्वाची ठरली.

आम्ही ही दोन्ही साले एका चिठ्ठीवर लिहून ताईंजवळ दिली. भांडायला नव्हे, बोलताना अडखळू नये म्हणून. शेठनी तीन आठवडे उत्तर दिले नाही. त्या दिवसांत ताईंचे काम बंद, मजुरी बंद. वर्गातल्या बायकांनी आळीपाळीने डबा पोचवला. चौथ्या आठवड्यात शेठच्या मुलीने कागद पाठवला. ती कारखान्याचा हिशेब पाहते. नाव हजेरीपटावर राहील, वर्गणी चालू राहील, दोन महिने करून पाहू, असे त्यात होते. खाली सही आणि शिक्का.

दर मात्र कॉलरीमागे थोडा कमी लावला आहे. वीज आणि जागा वाचते ती कारखान्याची, आणि दिवा जळतो तो ताईंच्या घरचा, मग दर कमी का? याचे उत्तर अजून मिळालेले नाही. दोन महिने येत्या पंधरवड्यात संपतील. तेव्हा आणखी एक अर्ज करावा लागेल. ताईंनी वहीत नगांचा हिशेब ठेवला आहे : पहिल्या महिन्यात दोन हजार चौतीस कॉलरी, परत आलेल्या अकरा.

वहीत लिहा :

१. ताईंचा नवा अर्ज तुम्ही लिहून पाहा. त्यात वरचे दोन आकडे आले पाहिजेत. दर पूर्ववत करण्याची मागणी एका वाक्यात लिहा.

२. तुमच्या कामातली कोणती कामे घरी होतील आणि कोणती होणार नाहीत, ती दोन ओळींत लिहा.

३. शेठनी दिलेली शंभराची नोट ताईंनी काय केली असेल? वर्गात बोला. (ती परत केली. शेठनी घेतली नाही. आता ती वर्गाच्या खडू-पेन्सिलीच्या डब्यात आहे.)